गगन पथकाचा सातवा भाग

आमच्या ‘गगन पथक’ या मालिकेचे एकूण सात भाग झाले. हुबळीच्या बाजारात आजही पन्नाशीपुढचा एखादा माणूस मला निरखून बघतो आणि विचारतो, “तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांच्या बहीण ना? ती चंदेरी कपडे घालून मारामारी करायची सिरीयल तुमचीच ना?” होय म्हटलं की तो हसतो, बसप्पाच्या यंत्रमानवाची आठवण काढतो आणि पिशव्या उचलून चालू लागतो. आठवा भाग का आला नाही, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. मालिका आपोआप बंद पडतात, त्याला कारण लागत नाही, असं लोक धरूनच चालतात. या मालिकेला कारण होतं. ते कारण मी होते, आणि आता साठी जवळ आल्यावर ते लिहून टाकावं असं वाटतं. अण्णाला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, “लिही की. पण माझी बाजू घेऊन लिहू नको.” त्याची बाजू घ्यायची गरजच नाही, हे पुढं कळेल.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा त्याचा धंदा होता आणि तो आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चालायचा. मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. अप्पा रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आई शिलाई करायची, आणि मी धारवाडला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, नोकरीची वाट बघत घरी बसलेली. बसलेली म्हणायचं एवढंच, कारण अण्णाच्या खोलीतलं निम्मं काम माझ्या गळ्यात होतं. त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. एका बाजूला आईचं मशीन, दुसऱ्या बाजूला कॅसेट मागं गुंडाळताना व्हीसीआरची घरघर, आणि दोन्हींवर मात करायला मोठा केलेला अप्पांचा रेडिओ. पुढच्या खोलीत गरम प्लास्टिकचा वास असायचा आणि दहाच्या सुमाराला त्यात मागून फोडणीचा वास मिसळायचा. सकाळी उप्पीट, दुपारी जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्या भाकरीवर वाढले आणि अजूनही पोळी मला पाहुण्यांची वाटते.

धंद्याचा एक नियम सांगायला हवा. लग्न झालं की शूटिंगच्या कच्च्या कॅसेटी आमच्या मांडणीवर येऊन बसायच्या. पंधरा-वीस दिवसांनी लग्नघरची माणसं यायची, टीव्हीसमोर बसून सगळं बघायची, कुठं कोणतं गाणं घालायचं ते ठरवायची, रुसलेल्या मामाला किती वेळ दाखवायचं यावरून आपापसांत भांडायची. मग आम्ही जोडून दिलेली कॅसेट पसंत पडली की ‘पास’ म्हणायची. पास झाल्याशिवाय कच्च्या कॅसेटीला हात लावायचा नाही, हा अण्णाचा नियम. तो आमच्या घरात पंचशीलाच्या खालोखाल होता. पास झाली की वरची चिठ्ठी खरवडून काढायची आणि कॅसेट पुन्हा वापरात घ्यायची. चिठ्ठ्या लिहिणं आणि खरवडणं ही दोन्ही खाती माझ्याकडं होती.

त्या काळात टीव्हीवर मारामारीच्या आणि अंतराळाच्या मालिका नुकत्या येऊ लागल्या होत्या. काही आपल्याकडच्या, काही परदेशातल्या पण हिंदीत बोलणाऱ्या. आम्ही चौघंही त्या डोळ्यांत तेल घालून बघायचो आणि संपल्या की चिरफाड करायचो. अप्पांचा पहिला आक्षेप यंत्रांवर असायचा. “एवढं मोठं यान, आणि एकाच्या पण हाताला ग्रीस लागलेलं नाही. मेन्टेनन्स करतंय कोण?” आईचं म्हणणं साधं होतं. “सकाळपासनं मारामारी चाललीय. ही माणसं जेवतात कधी गं?” मी बी.एस्सी. असल्यामुळं विज्ञानाचा मक्ता माझ्याकडं. पोकळीत आवाज जात नाही, मग स्फोट ऐकू कसा येतो, असं मी दर आठवड्याला विचारायची आणि अण्णा दर आठवड्याला तेच उत्तर द्यायचा, “आवाज काढून टाक, मग तूच उठून पाणी प्यायला जाशील.” ते खरं होतं.

आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि व्हिडिओवाले माशा मारत बसतात. त्या वर्षी माशा मारण्याऐवजी अण्णानं ठरवलं की आपण स्वतःच मालिका काढायची. आमच्या भागात केबल देणारा नीलप्पा गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास फुलांची चित्रं आणि दुकानांच्या पाट्या दाखवायचा. तो अर्धा तास त्यानं आनंदानं आम्हाला देऊन टाकला. अट एकच घातली. कॅसेट सुरुवातीपासून भरलेली पाहिजे. त्याच्या ऑफिसात जो कोणी असेल तो कॅसेट आत ढकलून चहाला निघून जायचा. पुढं मागं करून जागा शोधायला तिथं कुणी नसायचं. ही अट ध्यानात ठेवावी, कारण पुढं सगळं तिच्यावर अडलं.

लिहायचं मी, हे कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. कप्तान झाली टायपिंगच्या क्लासातली पद्मा, कारण तिला मान वर करून बोलता यायचं. तिचा सोबती झाला आमच्याच गल्लीतला दत्तू. यंत्रमानव झाला शेजारचा बसप्पा, कारण तो सहा फुटांच्या वर होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मुळातच काही उमटत नसे. दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्यानं अस्तराच्या चंदेरी कापडाचा उरलेला तागा दिला, आईनं त्याचे सहा पोशाख शिवले. शूटिंग रायापूरच्या माळावर. तिथली तांबडी माती म्हणजे परका ग्रह. फक्त धारवाडच्या रस्त्यावरून ट्रक गेला की त्या ग्रहावर हॉर्न वाजायचा. सोबत डब्यात चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि कागदात मिरची भजी. पद्मा चंदेरी हातमोज्यांसकट भजी खायची आणि आई डोक्याला हात लावायची, कारण त्या कापडावरचा तेलाचा डाग जात नसे. चमत्कार दाखवायला आमच्याकडं लग्नाच्या व्हिडिओत नक्षी घालायचा मिक्सर होता. त्यात बदाम होता, उमलणारा गुलाब होता, फिरत येणारं कमळ होतं. नवरा-नवरीसाठी जे काही होतं ते सगळं आम्ही अंतराळात वापरलं. आमचा खलनायक दर भागाच्या शेवटी कमळात अदृश्य व्हायचा. भाषेचंही तसंच. कप्तान मराठी, शत्रू हिंदी आणि यंत्रमानव कन्नड बोलायचा, कारण बसप्पाला पाठ झालेलं मराठी कॅमेरा सुरू झाला की आठवत नसे. हे बघणाऱ्या एकालाही विचित्र वाटलं नाही. आमच्या गल्लीत सगळे असंच बोलायचे. एकदा तो कन्नड वाक्यही विसरला आणि रोखलेल्या बंदुकीसमोर त्यानं शत्रूला शांतपणे विचारलं, “ऊटा आतेन्री?” म्हणजे, जेवण झालं का. अण्णानं ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार एकमेकांना बंदूक रोखून तेच विचारत होता.

आता माझा भाचा असल्या मालिका मोबाईलवर बघतो. त्यातलं यान खरंखुरं वाटतं, माणसं थेट ढगांतून पडतात, आणि मी त्याच्या शेजारी बसून अजून चिरफाड करते. आयुष्यभर बघितल्यावर माझं मत असं झालंय. या मालिकांचा जोर दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे त्या ‘असं झालं तर?’ हा प्रश्न न लाजता विचारतात. आपल्या घरात तो प्रश्न विचारला की आधी ‘कशाला?’ असं उत्तर येतं. दुसरी म्हणजे त्यांतली माणसं निर्णय घेतात. दार उघडायचं की नाही, हे दहा सेकंदांत ठरवतात. नोकरीच्या अर्जाला उत्तर येईल म्हणून दोन वर्षं पोस्टमनकडं बघत बसलेल्या मुलीला ते बघून किती बरं वाटायचं, ते मीच जाणे. आणि खोट म्हणाल तर तीही तिथंच. दहा सेकंदांत घेतलेल्या निर्णयाचं पुढं काहीच होत नाही. शहर उद्ध्वस्त होतं, पुढच्या आठवड्यात सगळे ताजेतवाने. कुणाचा मोडलेला हात महिनाभर गळ्यात नाही. ज्याला मारलं त्याचं घर कुठं होतं, कुणी विचारत नाही. अन् लिहिणाऱ्याला फारच अडचण आली तर काळात मागं जायचं यंत्र आहेच. मी तर सहाव्या भागातच अडचणीत आले होते.

सहाव्या भागात मी दत्तूला मारलं होतं. कप्तानला वाचवताना तो मरतो. लोकांना तो भाग आवडला नाही. भाजीवालीनं मला कोथिंबीर देताना सुनावलं. म्हणून सातव्या भागात मी कालयंत्र आणलं. अप्पांचं जुनं लोखंडी कपाट माळावर नेलं, पद्मा त्यात शिरते, कमळ फिरतं, आणि ती आदल्या आठवड्यात बाहेर पडून दत्तूला वाचवते. माझ्या मते मी लिहिलेला तो सगळ्यात चांगला भाग होता. बुधवारी दुपारी मी आणि अण्णानं तो जोडून पुरा केला आणि नीलप्पाकडं द्यायच्या कॅसेटीवर उतरवायला घेतला, तर कोरी कॅसेट नव्हती. आणायची माझ्याकडं होती आणि मी विसरले होते. अण्णा एका दुकानाच्या उद्घाटनाला कॅमेरा घेऊन निघाला होता. दारातून त्यानं विचारलं, “कॅसेट हाय न्हवं?” मी म्हटलं, “आहे.”

मांडणीवर कलघटगीच्या लग्नाच्या दोन कॅसेटी होत्या. तीन महिने झाले होते, त्या घरचं कुणी गाणी निवडायला फिरकलं नव्हतं. पहिली पूर्ण भरलेली. दुसऱ्या कॅसेटीत फक्त पाठवणी होती, वीस-बावीस मिनिटांची, पुढची सगळी कोरी. त्या कोऱ्या भागावर मी आमचा भाग उतरवू शकले असते, पण नीलप्पाला सुरुवातीपासून पाहिजे होतं. मी कॅसेट हातात घेऊन उभी होते ते मला स्वच्छ आठवतं. घाईत चुकलं, अंधारात दिसलं नाही, असलं काही नव्हतं. चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं: ‘कलघटगी, २, पाठवणी’. मनात म्हटलं, तीन महिन्यांत आले नाहीत, आता कोण येतंय. आणि पाठवण्या काय, सगळ्या सारख्याच. मी कॅसेट मागं गुंडाळली आणि बटण दाबलं. संध्याकाळी अण्णानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गुरुवारी भाग लागला. दत्तू जिवंत झाला म्हणून भाजीवालीनं मला कढीपत्ता फुकट दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी एक तरुण दारात आला. दाढी वाढलेली, पायात धुळीच्या चपला. म्हणाला, मी कलघटगीचा सुरेश, नवरीचा, शैलाचा भाऊ. अण्णानं त्याला बसवलं, आईनं चहा आणला. तो म्हणाला, “उशीर झाला. बाबा गेले आमचे. लग्नाच्या अठराव्या दिवशी. शाळेतनं आले, हातपाय धुतले, आणि पडले ते पडलेच.” अण्णानं कप खाली ठेवला. सुरेश म्हणाला, लग्नाची कॅसेट बघायचं कुणाचं मन होत नव्हतं. आता आई म्हणतेय की एकदा बघूया. “बाबांना फोटो काढून घ्यायचा कंटाळा. घरात त्यांचा एक तेवढा शाळेच्या ग्रुपातला फोटो हाय, तोच मोठा करून लावलाय. लग्नात ते कुठं एका जागी उभे राहिले? पण आई म्हणते, पाठवणीला ते गाडीच्या मागं उभे होते. आम्ही सगळे रडत होतो, कुणी तिकडं बघितलंच नाही. शैला तर म्हणते, बाबा निरोपाला समोर आलेच नाहीत. ते मनात धरून बसलीय ती.” अण्णाचा चेहरा एकदम उजळला. तो म्हणाला, “होते की! मी घेतलंय त्यांना. चांगलं मिनिटभर घेतलंय. रविवारी मी स्वतः घेऊन येतो, तुम्ही परत हेलपाटा घालू नका.”

सुरेश गेला आणि अण्णा मांडणीपाशी गेला. मी म्हटलं, “अण्णा, ती पुसली मी.” तो म्हणाला, “काय पुसली?” मी सांगितलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नीलप्पाकडून कॅसेट आणली, व्हीसीआरमध्ये घातली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. पद्मा, दत्तू, बसप्पा, कपाट, कमळ. चोवीस मिनिटं. मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. मुंग्यासुद्धा त्यानं तासभर बघितल्या, मध्ये कुठं एखादा तुकडा राहिला असेल म्हणून. नव्हता. अप्पांनी मागून येऊन टीव्ही बंद केला आणि मला म्हणाले, “तू फिटर असतीस तर एव्हाना माणूस मारला असतास.” शैलाच्या बापाला मी ओळखतही नव्हते. पण तो दुसऱ्यांदा गेला होता आणि या वेळी तारीख, वेळ, हात, सगळं माझं होतं.

शनिवारी अण्णानं ठरवलं की सांगायचं कॅसेटीला बुरशी लागली. पावसाळ्यात बुरशी लागायचीच, कुणीही विश्वास ठेवला असता. मी म्हटलं, तू खोटं बोलणार? तो म्हणाला, “विमल, त्या पोरीचा बाप गेलाय. बुरशी लागली म्हटलं तर ती पावसाला शिव्या देईल. तुझ्या सिरीयलसाठी पुसलं म्हटलं तर जन्मभर तिला ते डाचेल. खरं कुणाच्या सोयीसाठी बोलायचं?” मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. तरी मी त्याच्याबरोबर निघाले. दोन्ही कॅसेटी पिशवीत होत्या. दुसरी का घेतली असं विचारलं तर अण्णा म्हणाला, बुरशीवाली म्हणून दाखवायला काहीतरी पाहिजे.

कलघटगीच्या त्या घरात आम्ही शिरलो. सोप्यात टीव्ही मांडला होता, कुणाकडून तरी व्हीसीआर मागून आणला होता. पुढं सतरंज्या. शेजारपाजारच्या वीसएक माणसांनी आधीच जागा धरली होती. टीव्हीच्या शेजारी स्टुलावर शैलाच्या वडिलांचा, मास्तरांचा फोटो, ताजा हार घातलेला. ग्रुपातून मोठा केल्यामुळं चेहरा पुसट झाला होता. “बर्री, बर्री, कूडरी,” म्हणत एका म्हातारीनं आम्हाला पुढं बसवलं. मास्तरांची बायको, तिला सगळे काकू म्हणत होते, दाराला टेकून बसली होती. शैला सासरहून आली होती. माझ्याच वयाची. तिनं आमच्याकडं बघून मान हलवली आणि फोटोकडं तोंड करून बसली.

अण्णानं पहिली कॅसेट लावली. मास्तर त्यात होते, पण लग्नात मुलीचा बाप असतो तसे: कधी खांदा, कधी पाठ, कधी पंगतीच्या टोकाला हात जोडून आडवा गेलेला माणूस. प्रत्येक वेळी कुणीतरी “ते बघा, ते बघा” म्हणायचं आणि तोवर ते निघून गेलेले असायचे. कॅसेट संपली. अण्णा उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला की दुसऱ्या कॅसेटीला बुरशी लागलीय, काही दिसत नाही. मग काकू म्हणाल्या, “बुरशी असू दे. मुंग्या दिसल्या तरी चालतील. मुंग्यांच्या मागं असतील ना ते?” सुरेश उठला आणि अण्णाच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला.

“बुरशी नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “कॅसेट चांगली आहे. मी तिच्यावर आमची सिरीयल उतरवली. तुमची पाठवणी पुसली मी. माहीत असून पुसली. अण्णाला ठाऊक नव्हतं.”

ती म्हातारी शेजारणीला कन्नडमध्ये विचारत होती, काय म्हणाली ही? शेजारणीनं सांगितलं. मग पुढची दोन मिनिटं जे काही बोललं गेलं ते मला ऐकू आलं नाही. सुरेश अण्णाच्या अंगावर धावून गेला आणि दोघांनी त्याला धरलं, एवढं दिसलं. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सुरेशला बस म्हटलं आणि मला विचारलं, “मग आता तिच्यात काय आहे?” मी म्हटलं, आमचा सातवा भाग. “लाव,” त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाला, काकू, नको. “त्यांच्या जागेवर काय आलंय ते मला बघू दे,” त्या म्हणाल्या. “लाव.”

मी लावली. त्या सोप्यात, त्या फोटोच्या शेजारी, आमचे चंदेरी कपडे आले, रायापूरचा माळ आला, ट्रकचा हॉर्न आला. कुणी हसलं नाही. बसप्पा आला तरी हसलं नाही. पद्मा कपाटात शिरली, कमळ फिरलं, आणि मेलेला दत्तू समोर उभा राहिला. तो तिच्याकडं बघतो, बंदूक उचलतो आणि दोघं शत्रूच्या दिशेनं पळत सुटतात. पुढं मारामारी. मी तसंच लिहिलं होतं.

“थांबव,” काकू म्हणाल्या. मी थांबवली. पडद्यावर दोघं पळता पळता थबकले. काकूंनी मला विचारलं, “तो मेलेला ना?” मी होय म्हटलं. “आणि परत आला?” होय. “मग ती त्याच्याशी बोलली का नाही?” मला वाटलं, त्या आणखी काही विचारतील. पण त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं. “मेलेला माणूस समोर आलाय. कसा आहेस म्हणत नाही, हाताला हात लावत नाही. लगेच पळत सुटली. लिहिलंय कुणी हे?” मी लिहिलंय, असं मी सांगितलं. त्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता. शाळेत चुकीचं उत्तर लिहिलेल्या पोरीकडं बघावं तसं बघत होत्या. तेव्हा मला रडू फुटलं. मला तिथं रडायचा हक्क नव्हता हे कळत होतं, तरी फुटलं.

अण्णा मघापासून टीव्हीच्या बाजूला उभा होता. तो म्हणाला, “काकू, मी बघितलंय. कॅमेऱ्यातनं मी बघत होतो. आठवतंय तेवढं सांगू का? जे बघितलं नाही ते नाही सांगणार.” काकूंनी मान हलवली. शैलानं पहिल्यांदाच फोटोवरून नजर काढून त्याच्याकडं बघितलं.

मग अण्णानं सांगितलं. एखादं यंत्र कसं उघडलं, हे सांगावं तसं, क्रमानं. “गाडी हॉलच्या दाराशी होती. तुम्ही सगळे डाव्या अंगाला होता. शैलाक्का गाडीत बसल्या, काच खाली केली, तेव्हा मी कॅमेरा मागं फिरवला. मास्तर गाडीच्या मागं, खांबापाशी उभे होते. तोंड पूर्ण दिसत नव्हतं, अर्धं दिसत होतं. उपरणं खांद्यावरनं घसरलं होतं, त्यांनी वर घेतलं नाही. पुढं यायला एक पाऊल टाकलं आणि थांबले. परत एक टाकलं, परत थांबले. मी पलीकडनं जाऊन चेहरा घेऊ शकलो असतो. मला बरं वाटलं नाही, म्हणून गेलो नाही. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले.”

“डाव्या?” शैलानं विचारलं. “ते उजव्या हाताचे होते.”

“उजव्या हातात तुमच्या चपला होत्या,” अण्णा म्हणाला. “लाल पट्ट्याच्या. तुम्ही मांडवात शिरताना काढल्या असतील. त्या हातात धरून ते उभे होते. गाडी गेली तरी हात तसाच होता. एवढंच घेतलं मी. मग बंद केला कॅमेरा.”

शैला म्हणाली, “मी अनवाणीच गेले. वाटेत ध्यानात आलं. मला वाटलं, हरवल्या.” काकू उठल्या, आत गेल्या, माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या वर्तमानपत्रात बांधलेलं, सुतळीनं दोनदा गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आल्या. “हे त्यांनी ठेवलंवतं. मी उघडलं न्हाई,” त्या म्हणाल्या आणि ते शैलाच्या मांडीवर ठेवलं. शैलानं गाठ सोडली नाही. वरून हात फिरवला, आतला आकार चाचपला. मग मान वर करून बघितलं. अण्णाकडं नाही, माझ्याकडं.

“हे सगळं होतं त्या कॅसेटीत?” तिनं विचारलं.

“होतं,” मी म्हटलं.